तिसऱ्या खांबाखालची पोकळी

“करारावर सही होणार नाही,” डोमिंगोस म्हणाले.

कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही तिघंच होतो. टेबलाच्या एका बाजूला माझा बॉस गॅरी आणि मी, समोर डोमिंगोस. अंगोलाच्या रेल्वेत ते पुलांचे इंजिनिअर. आमच्या डिझाइनचा रिव्ह्यू करायला म्हणून न्यू जर्सीला आले होते. बाहेर पार्सिपनीत बर्फ पडत होता. त्यांच्याकडे थंडीचा कोट नव्हता, म्हणून माझ्या नवऱ्याचा जुना पार्का मी त्यांना दिला होता. तो त्यांनी मीटिंगमध्येही काढला नाही.

गॅरीला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “म्हणजे पुढच्या महिन्यात होईल?”

“नाही. होणारच नाही. सरकारनं एका चिनी बँकेचं कर्ज घेतलंय. रेल्वेचं काम आता त्यातून होणार. मला सकाळी मंत्रालयातून फोन आला.”

गॅरीनं पेन खाली ठेवलं. माझ्यासमोर पुलांच्या ड्रॉइंग्जचा गठ्ठा होता. दोन वर्षांचं काम. मी उगाचच त्याच्या कडा सरळ करत बसले.

हे २००४ सालचं. अंगोलातलं युद्ध दोन वर्षांपूर्वी संपलं होतं. पाव शतकाहून जास्त चाललेलं युद्ध. त्यात रेल्वेचं जे व्हायचं ते झालं. रूळ उखडले, पूल उडवले, लाइनच्या दोन्ही बाजूंना सुरुंग पेरले. समुद्रकाठच्या बंदरापासून आत डोंगराकडे जाणारी ही लाइन पुन्हा सुरू करायची होती.

आमची कंपनी कन्सल्टंट. म्हणजे आम्ही स्वतः रूळ टाकत नाही. कुठे काय मोडलंय ते बघायचं, दुरुस्तीचं डिझाइन करायचं आणि खर्च किती ते सांगायचं. आमचे पैसे एक विकास संस्था देत होती. आमचे रिपोर्ट बघून बाकीच्या पाश्चात्त्य संस्था मोठं कर्ज देतील अशी कल्पना होती. पण प्रत्येक संस्थेला आणखी एक स्टडी हवा असायचा. कोणाला पर्यावरणाचा, कोणाला तिकिटाच्या दरांचा. सरकारनं तेलाच्या पैशाचे हिशोब उघडे करावेत, अशीही अट होती. ती अट चुकीची नव्हती. पण ती पुरी होईपर्यंत रुळाचा एक तुकडाही बंदरात उतरणार नव्हता.

चिनी बँकेचं कर्ज सरळ होतं. फेड तेलातून. हिशोब उघडे करण्याची भानगड नाही. बदल्यात काम चिनी कॉन्ट्रॅक्टरला, रूळ आणि मशिनं चीनमधून, आणि बरीचशी माणसंही तिकडूनच.

“आणि तुमची माणसं?” मी विचारलं.

डोमिंगोसच्या डेपोतली माणसं मला माहीत होती. आदल्या वर्षी मी तिथे गेले होते. गाडी नाही, पगार कधीमधी, तरी ही मंडळी युद्धभर रोज कामावर येत राहिली होती. शेडमधल्या बंद इंजिनाला तेलपाणी करत होती. आमच्या स्कीममध्ये त्यांना पुन्हा ट्रेनिंग द्यायची तरतूद होती. ती मीच भांडून घातली होती.

“कॉन्ट्रॅक्टर त्याची माणसं आणणार. आमच्यातल्या काहींना उचलठेवीचं काम मिळेल.”

“आणि तुम्हाला हे चालतं?”

ते मला नावानं हाक मारत नसत. पोर्तुगीजमध्ये बाई इंजिनिअरला म्हणतात तसं ‘एंजेन्येरा’ म्हणत. “एंजेन्येरा, तुम्ही आम्हाला खूप रिपोर्ट दिलेत. चांगले होते. मी सगळे वाचले. पण रिपोर्टवरून गाडी जात नाही.”

गॅरीनं पेन उचलून खिशाला लावलं.

त्या संध्याकाळी मी डोमिंगोसना घरी जेवायला नेलं. त्यांचं हॉटेल हायवेवर होतं, पायी कुठे जायची सोय नाही, आणि तीन दिवस ते मशीनमधली बिस्किटं खात होते हे मला उशिरा कळलं. मी वरणभात आणि भेंडीची भाजी केली होती. भेंडी बघून ते पहिल्यांदा हसले. त्यांच्याकडेही करतात म्हणे.

माझा नवरा शिरीष सॉफ्टवेअरवाला. २००१ च्या मंदीत त्याची नोकरी गेली आणि व्हिसाही गेला. तेव्हापासून तो माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून राहत होता. त्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. डोमिंगोसनी त्याला सहज विचारलं, “तुम्ही काय करता?”

“सध्या काही नाही. परवानगी नाही.”

डोमिंगोसनी मान हलवली. “मी रेल्वेत आहे आणि माझ्याकडे गाडी नाही. लोकांना सांगताना अवघड जातं.”

शिरीष अशा गोष्टी कोणाशी बोलत नसे. त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलत बसले होते. डोमिंगोसच्या बायकोचं माहेर लाइनच्या पार आतल्या टोकाला होतं. रस्त्यावर सुरुंग, गाडी बंद. तिची आई गेल्याची बातमी तिला कित्येक महिन्यांनी कोणाकडून तरी कळली. ते सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. ते पुढे म्हणाले, “म्हणून म्हणतो, कर्ज कोणाचं हा प्रश्न मला मोठा वाटत नाही.”

डोमिंगोस परत गेले. पुढच्या आठवड्यात विकास संस्थेचं पत्र आलं. काम थांबवा. आमचा पुलांचा रिपोर्ट जवळजवळ तयार होता, पण संस्थेनं मंजूर केल्याशिवाय तो बाहेर द्यायचा नाही असा करार होता. आता मंजूर करणारंच कोणी उरलं नव्हतं. रिपोर्टच्या प्रत्येक पानावर ‘ड्राफ्ट’ असा शिक्का होता. तो तसाच सर्व्हरवर राहिला. मला न्यू जर्सीतल्या एका मॉलच्या पार्किंग डेकचं काम मिळालं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसात डोमिंगोसचा फोन आला. लाइन खराब होती. मागे कुठेतरी मशिनं चालू होती.

“एंजेन्येरा, कॉन्ट्रॅक्टर नदीपर्यंत पोचलाय.”

कुठली नदी, हे विचारायची गरज नव्हती.

त्या लाइनवरचे बहुतेक पूल युद्धात उडवले गेले. हा एक वाचला होता. दोन्ही बाजूंच्या सैन्याला नदी ओलांडायला तो लागायचा, म्हणून कोणी हात लावला नाही. लोखंडी गर्डर, दगडी खांब, पोर्तुगीजांच्या काळातला. रोज शेकडो बायका डोक्यावर ओझं घेऊन त्यावरून बाजाराला जायच्या. सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

तपासणीला गेलो तेव्हा सुरुंग काढणाऱ्या पथकानं आमच्यासाठी एक पायवाट मोकळी केली होती. दोन्ही कडांना रंगवलेले दगड. त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आम्ही एकामागून एक असे नदीपर्यंत उतरलो. वरून पूल ठणठणीत होता. मी बंदरावरच्या एका पाणबुड्याला पाण्याखाली पाठवलं. तो तिसऱ्या खांबापाशी बराच वेळ होता. वर आला आणि म्हणाला, “खांबाच्या खाली माझा हात खांद्यापर्यंत आत जातो.”

याला आमच्या भाषेत स्काउर म्हणतात. समुद्रात उभं राहिलं की परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते, तसंच. वाहतं पाणी खांबाच्या पायाखालची माती वर्षानुवर्षं उपसून नेतं. वरून काही दिसत नाही. खांब उभा असतो, पण पोकळीवर. माणसं चालली तर तो पेलतो. खडीनं भरलेली मालगाडी नेली, आणि त्यात नदीला पूर असला, तर तो एका बाजूला कलू शकतो. मग वरचा गर्डर खाली येतो.

फोनवर डोमिंगोस म्हणाले, “ते म्हणतात पूल चांगलाय. नवे रूळ टाकले की मटेरियलच्या गाड्या सुरू. पावसाळा अजून आहे. पाणी खूप वर आलंय.”

“तुम्ही सांगितलं नाही?”

“सांगितलं. इंटरप्रिटरनं काय सांगितलं देव जाणे. ते म्हणाले, कागद दाखवा. कागद तुमच्याकडे आहे.”

मी गॅरीकडे गेले. गॅरी वाईट माणूस नव्हता. आमचा ग्रुप वाचवायला तो त्या दिवसांत रोज कोणाशी ना कोणाशी भांडत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, लीगलला फोन केला आणि दुपारी मला बोलावलं.

“देता येणार नाही, विद्या.”

“पूर्ण रिपोर्ट नको. फक्त तो खांब.”

“ड्राफ्ट आहे. क्लायंटची मालकी आहे. त्यावर विसंबून त्यांनी काही केलं आणि बिघडलं, तर आपल्यावर येईल. आणि आपण त्या जॉबवर नाहीच आहोत.”

“गाडी पडली तर?”

“आपण त्या जॉबवर नाही,” तो पुन्हा म्हणाला. या वेळी माझ्याकडे न बघता.

अमेरिकेत इंजिनिअरला राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं. माझ्याकडे ते होतं. लोकांचा जीव आधी, मालक आणि क्लायंट नंतर, हा त्यातला पहिला नियम. परीक्षेला तो सगळे पाठ करतात. मीही केला होता. तो वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पण माझ्याकडे आणखीही एक गोष्ट होती. आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज कंपनीमार्फत गेलेला. नोकरी गेली तर अर्ज गेला, पुन्हा पहिल्यापासून रांग. ग्रीन कार्डचं पुढे सरकलं की शिरीषला काम करायची परवानगी मिळणार होती. तो त्या परवानगीवर डोळे लावून बसला होता.

घरी मी त्याला सगळं सांगितलं. तो कपडे घडी करत होता. घडी करतच राहिला.

“नाही पाठवलंस तर काय होईल?”

“कदाचित काहीच नाही. पाणी उतरलं तर.”

“आणि नाही उतरलं तर?”

मी ढिगातला एक शर्ट उचलून घडी करायला लागले.

“मग मला विचारतेस कशाला?” तो म्हणाला. हातातला टॉवेल ढिगावर ठेवून म्हणाला, “पाठव. पण एक सांगून ठेवतो. नंतर मी चिडणार. खूप चिडणार. तेव्हा मीच पाठव म्हणालो होतो असं तोंडावर फेकू नकोस.”

मी रिपोर्टला हात लावला नाही. स्वतःच्या कॉम्प्युटरवर एक पान लिहिलं. मी काय पाहिलं, पाणबुड्यानं काय सांगितलं, धोका काय, आणि हातानं काढलेलं एक स्केच. खाली माझं नाव, लायसन्सचा नंबर, ईमेल आणि सही. कंपनीचं नाव कुठेही नाही.

पण इंग्रजी पानाचा उपयोग काय? आमच्या ऑफिसात मेई नावाची मुलगी ड्रॉइंग्ज करायची. वूहानची. आमची ओळख डब्यापुरती होती. मी तिला लंचला बाहेर गाडीत नेलं आणि पान हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं.

“हे असं लिहिलंस तर ते फाइलला लावतील,” ती म्हणाली. “तू आधी नदीची माहिती देतेस, मग खांबाची, धोका शेवटी. साइटवरच्या माणसाला शेवटपर्यंत वाचायला वेळ नसतो. पहिल्याच ओळीत सांग, या पुलावर गाडी नेऊ नका.”

“तू करून देशील चिनीमध्ये?”

ती काचेबाहेर बघत राहिली. तीही व्हिसावरच होती.

“माझं नाव कुठे येणार नाही ना?”

“नाही.”

तिनं माझ्या गाडीत, मांडीवर डबा ठेवून, त्यावर कागद ठेवून लिहिलं. आजही तिचं खरं नाव मी लिहिलेलं नाही.

दोन्ही भाषांतली पानं स्कॅन करून मी डोमिंगोसना मेल केली. मग सरळ गॅरीच्या केबिनमध्ये गेले.

“मी एक पान पाठवलं. माझ्या नावानं. रिपोर्टमधलं काही नाही त्यात.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“हो.”

“तरी पाठवलंस.”

“हो.”

तो खुर्चीत मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. “तू बरोबर असशील. बहुतेक आहेसच. पण हे मला वर सांगावं लागेल. तू मला न सांगता पाठवलं असतंस तर बरं झालं असतं.”

पुढे दोन आठवडे कुठूनच काही कळलं नाही. मी पार्किंग डेकचे कॉलम मोजत होते. इंटरनेटवर अंगोलाच्या पुराच्या बातम्या शोधायचे. पोर्तुगीज येत नसताना पोर्तुगीज बातम्या उघडून ‘पूल’ आणि ‘मृत’ या अर्थाचे शब्द शोधत बसायचे.

मग एक मेल आला. पाठवणारा ओळखीचा नव्हता. चार ओळी, चिनी अक्षरात. मी प्रिंट काढून मेईच्या टेबलावर ठेवली. तिनं हळू आवाजात वाचून दाखवली. लिहिणारा कॉन्ट्रॅक्टरचा साइट इंजिनिअर होता. पाणी थोडं उतरल्यावर त्यांनी पाणबुड्या खाली पाठवला. तिसऱ्या खांबाखाली पोकळी आहे. चौथ्याखालीही आहे, ती तुमच्या पत्रात नव्हती. पुलावरचं काम थांबवलं आहे. माहितीबद्दल आभार.

मेईनं कागद घडी करून मला परत दिला. “चौथ्याखाली पण,” ती म्हणाली. आम्ही तपासणीला गेलो तेव्हा चौथ्या खांबापाशी पाणबुड्याला उतरता आलं नव्हतं. तिकडची वाट सुरुंगवाल्यांनी मोकळी केली नव्हती.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पूल थांबला म्हणून काम थांबलं. लाइनचा पहिला टप्पा एका समारंभापर्यंत पुरा करून दाखवायचं ठरलं होतं. तो समारंभ पुढे ढकलावा लागला. मोठ्या माणसांची तोंडं वाकडी झाली. कोणीतरी विचारलं, हा अमेरिकेतला कागद साइटवर आलाच कसा? डोमिंगोसनी तो स्वतःच्या हातानं नेऊन दिला होता. त्यांनी ते लपवलंही नाही.

त्यांची बदली झाली. राजधानीत, सामानाच्या गोदामावर. पुलांशी संबंध संपला. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं.

“तुम्ही सांगायचं होतं की मी परस्पर पाठवलं,” मी म्हटलं.

“मग तो कागद त्यांनी वाचला नसता, एंजेन्येरा. देणारा माणूस समोर लागतो.”

“मला वाईट वाटतं.”

“मलाही वाटतं,” ते म्हणाले. “मी त्या लाइनवर युद्धभर होतो. आता रूळ आलेत आणि मी इथे बसून टायर देतोय.”

फोनवर फक्त लाइनची खरखर ऐकू येत होती.

माझ्या बाबतीत घाई झाली नाही. मोठ्या कंपन्यांत घाई होत नाही. आधी एक वॉर्निंग आली. मग इंटरनॅशनल ग्रुप बंद झाला. आमच्यासारखी आणखी कामंही चिनी कर्जांकडे गेली होती, हे कारण खरंच होतं. ग्रुपमधल्या काहींना दुसरीकडे सामावून घेतलं. मला घेतलं नाही. गॅरीनं मला दारापर्यंत सोडलं आणि हात हातात घेऊन म्हणाला, “रेफरन्स लागला तर माझं नाव दे.” मी दिलं. त्यानं चांगलं सांगितलं. त्यावरच मला पुढची नोकरी मिळाली. काउंटीचे छोटे पूल तपासणाऱ्या एका लहान फर्ममध्ये.

ग्रीन कार्डची रांग पहिल्यापासून. शिरीष चिडला. म्हणाला होता तसाच, खूप. आमचं महिनोन्‌महिने नीट बोलणं नव्हतं. आमची मुलगी शाळेत होती, तिला घरातलं वातावरण कळायचं. एकदा ती गाडीत मागून म्हणाली, “आई, आर वी मूव्हिंग बॅक?” मी म्हटलं, “माहीत नाही.” तिनं कानात इअरफोन घातले. शिरीषला कामाची परवानगी मिळाली तोवर त्याच्या क्षेत्रातलं सगळं बदललं होतं. तो पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये गेलाच नाही. एका दुकानाचं अकाउंट्स बघायला लागला. त्यानं मला कधी दोष दिला नाही. मीही त्याला ते वाक्य कधी ऐकवलं नाही.

डोमिंगोसचे फोन कमी होत गेले. मग त्यांचा नंबर लागेनासा झाला. मी रेल्वेच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. ते आहेत की नाहीत हेही मला माहीत नाही.

२००८ च्या सुमारास मेईनं मला एक लिंक पाठवली. तोवर तीही कंपनी सोडून कॅलिफोर्नियाला गेली होती. चिनी वेबसाइटवरचा एक फोटो होता. नदी, पूल, त्यावर मालगाडीचं इंजिन. तिसऱ्या आणि चौथ्या खांबाभोवती नव्या काँक्रीटचा जाड गळपट्टा. काम चांगलं केलेलं दिसत होतं. पुलापाशी हेल्मेट घातलेली माणसं रांगेत उभी होती. मी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. डेपोतला ओळखीचा एकही नव्हता.

लोक मला विचारतात, मग चिनी कर्ज चांगलं की वाईट? मी पुलांची इंजिनिअर आहे, मला ते ठरवता येत नाही. त्यांनी गाडी चालू केली, आम्ही केली नव्हती. आम्ही डेपोतल्या माणसांसाठी तरतूद केली होती, ती कागदावरच राहिली.

नोकरीपुरतं एक मात्र शिकले. आता पूल तपासताना काही धोक्याचं दिसलं, तर मी रिपोर्टची वाट बघत नाही. गाडीच्या बॉनेटवरच एक पान लिहिते, पहिल्या ओळीत धोका, खाली सही, आणि पुलाच्या मालकाच्या हातात ते देऊनच निघते. रिपोर्ट मागून जातो. फर्मच्या मालकाला ही पद्धत आवडत नाही. त्यानं दोनदा तसं बोलूनही दाखवलंय.